सुधारणेस वाव

पाठ निरीक्षण वहीच्या प्रत्येक पानाच्या तळाशी दोन चौकटी असायच्या. डावीकडे 'जमेच्या बाजू' आणि उजवीकडे 'सुधारणेस वाव'. डावी चौकट रिकामी राहिली तर कुणी काही म्हणायचं नाही. उजवी रिकामी राहिली, की अध्यापनशास्त्राच्या मॅडम पानावर लाल शाईनं 'निरीक्षण अपूर्ण' लिहून वही परत करायच्या. चार वर्षांत आम्ही शिकवण्याचं जे काही शास्त्र शिकलो त्याचं सार मला विचाराल तर एवढंच आहे: गुण नसला तरी चालेल, दोष हवा.

अभ्यासक्रमाचं नाव बी.एस्सी.बी.एड. होतं. बारावीनंतर चार वर्षं आणि दोन पदव्या एकदमच. शेजारच्या वर्गात बी.ए.बी.एड.ची मुलं बसायची आणि अध्यापनशास्त्राच्या तासाला दोन्ही वर्ग एकत्र यायचे. म्हणजे सकाळी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धुवायची, दुपारी 'बालकाचा भावनिक विकास' ऐकायचा, आणि त्यानंतर इतिहासवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून, खडू न किंचाळता फळ्यावर कसं लिहायचं याचा सराव करायचा. पुण्याचे काका घरी आले की विचारायचे, "बी.एस्सी. करतेस की बी.एड.?" मी म्हणायचे, दोन्ही. "म्हणजे नक्की काय?" तिसऱ्यांदा समजावून सांगितल्यावर ते म्हणाले, "एक ना धड, भाराभर चिंध्या." मला इंजिनिअरिंगला मार्क कमी पडले होते आणि काकांना ते माहीत होतं, त्यामुळे मी वाद घातला नाही.

आम्ही खारघरला राहायचो, सोळाव्या मजल्यावर. बाबांची बदली पुण्याहून झाली आणि आम्ही आलो. आमच्या घरी जमीनजुमला नव्हता, सोनंनाणं बेताचंच होतं. शुद्ध बोलणं ही काय ती आमची इस्टेट. कुणी टीव्हीवर 'मी बोल्लो' म्हटलं की आई आवाज बंद करायची. अशा घरातून मी पनवेलच्या कॉलेजात शिक्षिका व्हायला गेले, आणि मला वाटायचं की अर्धं काम तर झालेलंच आहे.

पहिल्याच महिन्यात मॅडमनी हजेरीच्या क्रमानं आमच्या जोड्या लावल्या. एकीनं पाठ द्यायचा, दुसरीनं मागच्या बाकावर बसून निरीक्षण लिहायचं, आणि पुढच्या वेळी उलट. वहीत निरीक्षण करणारीसाठी शब्द होता 'जोडीदार'. घरी मी "मला जोडीदार मिळाली" असं सांगितलं, तेव्हा आईनं कणीक मळता मळता मान वर केली, आणि 'मिळाली' ऐकून आणखीच वर केली.

माझी जोडीदार उरणची होती, कोळीवाड्यातली. आई बाजारात मासळी विकायची. वडील पूर्वी भावांबरोबर होडीवर जायचे, आता बंदरात कंत्राटी कामाला होते. ती वर्गात सगळ्यांत जास्त बोलायची. तास सुरू व्हायच्या आधी बोलायची, मधल्या सुट्टीत बोलायची, टायट्रेशन चालू असताना थेंब मोजता मोजता बोलायची, आणि तरी तिचं उत्तर बरोबर यायचं. कॉलेजात ती आमच्यासारखीच पुस्तकी मराठी बोलायची, फक्त तिच्यातला ह कुठेतरी गळून जायचा. आम्ही म्हणजे आमी, तुम्ही म्हणजे तुमी, म्हणजे म्हणजे मंजे. माझ्याशी गप्पा मारताना ण आणि ळही जायचे, आईचा फोन आला की उरलेसुरले नियमही गळायचे, आणि मग ती जे बोलायची त्यातलं मला निम्मं कळायचं. पण ऐकायला बरं वाटायचं. हे मी तेव्हा तिला सांगितलं नाही, कारण असं काही सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं.

चौथ्या वर्षी आम्हाला पळस्प्याच्या बाजूच्या एका शाळेत पाठवलं. मराठी माध्यम, पाचवी ते दहावी, मैदान लहान आणि मुलं पुष्कळ. प्रत्येकीनं अकरा सराव पाठ आणि शेवटी एक वार्षिक पाठ द्यायचा. वार्षिक पाठाला बाहेरचे परीक्षक येणार आणि त्याच्यावर शेवटचे मार्क ठरणार. म्हणजे मला तिचे बारा पाठ पाहायचे होते आणि बारा दोष शोधायचे होते.

दोष शोधणं हा किती कष्टाचा विषय आहे हे केल्याशिवाय कळत नाही. पहिल्या दोन पाठांत सापडतात, मग संपतात. त्यामुळे आमच्या वर्गात दोषांचा एक सर्वमान्य साठा तयार झाला होता. 'फलकलेखन सरळ रेषेत नाही.' 'आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नाही.' 'वेळेचे नियोजन हवे.' पाठ सुरू व्हायच्या आधी व्हरांड्यात सौदे व्हायचे. "मी तुला काय लिहू?" "फलकलेखन लिही, ते मॅडम मनावर घेत नाहीत." "मग मला आवाज लिही, मागच्या आठवड्यात वेळ झालाय." बी.ए.बी.एड.च्या एका मुलानं आणि त्याच्या जोडीदारानं तर अकराही पाठांचे दोष आधीच वाटून घेऊन तक्ता केला होता. त्याच्या वहीवर मॅडमनी 'उत्तम निरीक्षण' असा शेरा दिला.

माझ्या जोडीदाराला हे काही जमायचं नाही. मी तिला स्पष्ट सांगितलं होतं, मला फलकलेखन लिही. पहिल्या पाठानंतर वही उघडून पाहते तर उजव्या चौकटीत लिहिलेलं: 'खिडकीजवळच्या मुलाने चुकीचे उत्तर दिले. "बस" म्हटले. बरोबर उत्तर सांगायचे राहिले.' दुसऱ्या पाठानंतर: 'फक्त पहिल्या तीन रांगांना प्रश्न विचारले.' तिसऱ्या पाठानंतर: 'मुले हसली तेव्हा शिकवणारीही हसली असती तर बरे झाले असते.' मी वैतागले.

"अगं, खरं कशाला लिहितेस?"

"मग काय लिहू? बघितलं ते लिहिलं."

"मॅडम वाचतात ते."

"वाचू दे की. तुला पन वाचायला बरं."

मला मुळीच बरं वाटत नव्हतं. माझ्या वहीत अकरा पाठांचे अकरा वेगवेगळे दोष जमले, आणि सगळे माझेच. घरच्या शुद्ध इस्टेटीचा त्यात कुठेही उल्लेख नव्हता.

तिच्या वहीचा प्रश्न मी पहिल्याच दिवशी सोडवला होता. तिचा पहिला पाठ झाला, मी पेन हातात घेऊन विचार करत बसले, तेव्हा तिनंच हसत सांगितलं, "उच्चार लिव. तसंबी सगले तेच बोलतान." मी लिहिलं: 'उच्चारात सुधारणा हवी.' मॅडमनी सही केली. पुढच्या पाठाला मी पुन्हा तेच लिहिलं. त्याच्या पुढच्यालाही तेच. एकदा चौकट भरण्याची सोय झाल्यावर मागच्या बाकावर मला पस्तीस मिनिटं मोकळी मिळायला लागली, आणि त्या वेळात मी माझ्या पुढच्या पाठाचं टाचण काढायचे. टाचण म्हणजे पाठात आपण काय बोलणार, मुलं त्यावर काय बोलणार, हे सगळं आधीच लिहून ठेवायचं. मुलं काय बोलणार ते लिहायला मला फार वेळ लागायचा. पुढे माझी जोडीदार शिकवत असायची. अधूनमधून वर्गात हशा व्हायचा, कधी एकदम शांत व्हायचं. तास संपला की मी मान वर करून उजवी चौकट भरायचे. असे अकरा पाठ झाले.

हिवाळ्याच्या शेवटी शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. बाई कमी बोलणाऱ्या आणि नेमक्या होत्या. त्या म्हणाल्या, "विज्ञानाच्या बाई जूनपासून सोडून चालल्यात. नवी जाहिरात, नव्या मुलाखती यात मला पडायचं नाही. तुमच्यातली एक ठेवीन. वार्षिक पाठाला मी परीक्षकांबरोबर बसणार आहे. तुमच्या वह्याही बघीन."

  बाहेर आल्यावर माझ्या जोडीदारानं सांगितलं की तिच्या काकानं तिच्यासाठी बंदराजवळच्या कंटेनर यार्डात काम पाहून ठेवलंय. सुट्टीत तिनं तिथे दोन महिने केलंही होतं. गेटवरच्या खोक्यासारख्या खोलीत बसायचं, ट्रेलर आला की त्याचा नंबर लिहायचा, गेटपास फाडून खिडकीतून द्यायचा. जूनपर्यंत शाळा मिळाली नाही तर तिथे कायम.

"काम वाईट नाय," ती म्हणाली. "पन दिवसभर बोलायचं कुनाशीच नाय. ड्रायव्हरला नंबर माहीत, मला नंबर माहीत. बोलायचं काय?"

मला नोकरी नको होती असं मी म्हणणार नाही. हवी होती. खारघरहून पळस्पे जवळ, आणि पुण्याच्या काकांना सांगायला 'नक्की काय' ते मिळालं असतं. पण नोकरी गेली असती तरी माझं काही अडणार नव्हतं. मी घरी बसून आणखी एखादी परीक्षा दिली असती. तिला शाळा मिळाली नाही तर ती जूनमध्ये त्या खिडकीत बसणार होती.

त्या दिवशी संध्याकाळी मी तिची वही चाळली. ती माझ्याकडेच होती, पुरी करायला. अकरा पानं. अकरा चौकटी. 'उच्चारात सुधारणा हवी.' 'उच्चारात सुधारणा हवी.' मध्ये एकदा कंटाळून मी 'उच्चार सुधारावेत' असं लिहिलं होतं, तेवढीच विविधता. सुटी सुटी लिहिताना ती वाक्यं निरुपद्रवी होती. ओळीनं वाचली तर एखाद्या रोगाचा इतिहास वाटत होता. पानं बदलायची सोय नव्हती. प्रत्येकावर मॅडमची सही होती.

मी दुसऱ्या दिवशी तिला सगळं सांगितलं. सगळं म्हणजे, बाई वही बघणार आणि वहीत अकरा वेळा उच्चारच आहे, एवढं. मी खाली मान घालून टाचण काढायचे, हे सांगितलं नाही. ती म्हणाली, "मंग आता?" मी म्हटलं, "आता उच्चार सुधारू. आठवडा आहे. परीक्षक वही वाचतील, मग तुला ऐकतील, आणि म्हणतील, वा, केवढी सुधारणा." मला स्वतःला ही कल्पना फार आवडली. शिक्षणशास्त्रात याला काहीतरी नावही असणार.

कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून आम्ही सराव सुरू केला. "आम्ही. तुम्ही. म्हणजे. म्हणून. नाही." मी म्हणायचे, ती म्हणायची. समोरचा चहावाला ऐकायचा. पहिल्या दिवशी ती हसत होती, दुसऱ्या दिवशी कमी हसली. तिसऱ्या दिवसापासून तिचा ह अचूक पडायला लागला, प्रत्येक जागी, खिळा ठोकल्यासारखा. फक्त ती हळू बोलायला लागली. शब्दाच्या आधी किंचित थांबायची, आत काहीतरी तपासून पाहायची आणि मग बोलायची. मला वाटलं, प्रगती आहे.

पाचव्या दिवशी कॅन्टीनमध्ये तिनं "एक म्हसाला डोसा" मागितला. कॅन्टीनवाल्यानं दिला. मी हसले. शिक्षिका म्हणून मी तिथेच थांबायला हवं होतं. मी थांबले नाही, शनिवारी जादा सराव घेतला.

वार्षिक पाठाचा दिवस आला. परीक्षक पन्नाशीचे, मऊ आवाजाचे सर होते. आठवीचा वर्ग. मागच्या बाकावर सर, त्यांच्या शेजारी मुख्याध्यापिका बाई, कोपऱ्यात मी, माझ्या मांडीवर वही. माझा पाठ सकाळीच झाला होता, बरा झाला होता. आता तिचा होता, 'आम्ल आणि आम्लारी'. टेबलावर तिनं लिंबाचा रस, कोकमाचं आगळ, साबणाचं पाणी आणि चुन्याची निवळी असे चार पेले मांडले होते, आणि निळ्या-तांबड्या लिटमस कागदांच्या पट्ट्या.

पाठ सुरू व्हायच्या आधी सरांनी तिची वही माझ्याकडून घेऊन उघडली. पानं उलटली. एक, दोन, चार. मग ते भराभर उलटायला लागले, कारण वाचायला नवीन काही नव्हतं. त्यांनी वही बाईंपुढे सरकवली, एका चौकटीवर बोट ठेवलं. मग तिच्याकडे पाहून अगदी प्रेमानं म्हणाले, "उच्चारांकडे जरा लक्ष असू द्या हं."

ती "हो सर" म्हणाली.

ज्यांनी असले पाठ पाहिलेले नाहीत त्यांना सांगायला हवं, की आमच्या शास्त्रात विषयाचं नाव एकदम सांगून टाकणं मना असतं. मुलांना सोपे प्रश्न विचारत विचारत त्या नावाच्या उंबऱ्याशी आणायचं आणि मग घोषणा करायची, 'आज आपण अमुक शिकणार आहोत'. याला हेतुकथन म्हणतात आणि त्याला वेगळे मार्क असतात. या आठवीनं वर्षभर आमच्यासारख्या पंधरा-वीस जणांचे पाठ सोसले होते, त्यामुळे हेतुकथन जवळ आलं की मुलं आपोआप ताठ बसायची.

तिनं लिंबाची चव विचारली. आंबट. आगळाची? आंबट. सगळं ठीक चाललं होतं. मुलं ताठ बसली. तिनं फळ्याकडे वळून सुंदर अक्षरात 'आम्ल' लिहिलं, मुलांकडे वळली, क्षणभर थांबली, आत काहीतरी तपासलं, आणि म्हणाली, "आज आपण आम्हल आणि आम्हलारी शिकणार आहोत."

कुणीतरी फिसकन हसलं. तिला कळलं काहीतरी चुकलंय, पण काय ते कळेना. फळ्यावर तर बरोबर लिहिलेलं होतं. तिनं पुन्हा, जास्त काळजीपूर्वक म्हटलं, "आम्हल." आता सगळा वर्ग हसला. सरांनी पेन उचललं.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणतात. म्हणणाऱ्याला गंमत वाटते. मला त्या बाकावर वाटली नाही, कारण तो ह माझा होता. तिच्या तोंडात तो मी ठेवला होता, पायरीवर बसून, आठवडाभर. आणि हेही तेव्हाच लक्षात आलं: या वर्गातली निम्मी मुलं आजूबाजूच्या गावांतली होती, घरी आमी-तुमीच बोलणारी. वर्षभर तिचा ह कमी होता तेव्हा त्यांच्यातलं कुणीही हसलं नव्हतं. ह जास्त झाला तेव्हा हसले.

त्यानंतर ती जवळजवळ बोललीच नाही. लिटमस आगळात बुडवला, निळ्याचा तांबडा झाला, तो उंच धरून दाखवला. निवळीत बुडवला, तांबड्याचा निळा झाला, तो दाखवला. प्रश्न विचारायचा तिथे फळ्याकडे बोट केलं. नावं घ्यायची वेळ आली की "हे" आणि "ते" म्हणाली. सबंध वर्गात सगळ्यांत जास्त बोलणारी मुलगी पस्तीस मिनिटं खुणा करत उभी होती. प्रयोग एकूणएक बरोबर आले.

पाठ संपला. निरीक्षण लिहायला वही परत माझ्याकडे आली. उजव्या चौकटीवर पेन टेकवून मी बराच वेळ बसले, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्या पाठाबद्दल विचार करून लिहिलं: 'फलकलेखन सरळ रेषेत नाही.' फळ्यावरच्या तिच्या ओळी दोरी लावून मारल्यासारख्या सरळ होत्या.

सरांनी वही घेतली. वाचलं. फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"अकरा वेळा तुम्ही उच्चार लिहिलंत," ते म्हणाले. "आणि आज एवढं स्पष्ट ऐकू आलं, तेव्हा नाही लिहिलं?"

"लक्षात आलं नाही, सर."

ते हसले. "मैत्रीण आहे, समजू शकतो. पण बाकी तुमच्या निरीक्षणात सातत्य आहे." आणि त्या सातत्याचे त्यांनी मला दहापैकी नऊ मार्क दिले. त्या वर्षी निरीक्षणात वर्गात मीच पहिली आले.

ती पास झाली, काठावर. पदवी वाचली. आठवड्याभरानं मुख्याध्यापिका बाईंनी मला एकटीला बोलावलं आणि जूनपासून ये म्हणून सांगितलं. मी म्हटलं, "बाई, ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते." बाई म्हणाल्या, "असेलही. पण पोरं जे ऐकतात तेच लिहितात. आणि हा दोष काही त्या एका दिवसाचा नव्हता." त्यांनी तिची वही माझ्यापुढे ठेवली. "हे तुमच्याच हातचं ना?"

"हो," मी म्हटलं.

त्यापुढे मला बोलता आलं असतं. मी ऐकत नव्हते, चौकट भरायची म्हणून लिहायचे, असं एक सरळ वाक्य होतं. ते म्हटलं असतं तर कदाचित नोकरी तिला मिळाली असती, कदाचित दोघींनाही मिळाली नसती. मी ते म्हटलं नाही. मी "थँक्यू बाई" म्हटलं. मला लाज वाटत होती आणि आनंदही झाला होता, आणि दोन्ही एकदम होऊ शकतं याचं मला फार आश्चर्य वाटलं. आईनं पेढे आणले. मी दोन खाल्ले.

तिला मीच फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं. खारघरवरनं जवल पडंल तुला." मग म्हणाली, आई हाक मारतेय, आणि फोन ठेवला. मला पाठीमागे कुणाची हाक ऐकू आली नाही.

जूनपासून मी शिकवायला लागले. पहिल्याच आठवड्यात एक मुलगा परीक्षानळी फोडून माझ्यापुढे उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आमी नाय केला." पोरं जे ऐकतात ते लिहितात हे बाईंचं म्हणणं मी तपासून पाहिलं. त्याच्या वहीत 'आम्ही' बरोबर लिहिलेलं होतं. घरी काय बोलतात आणि वहीत काय लिहितात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हे बाईंना जाऊन सांगावं असं मला एक-दोनदा वाटलं. मी गेले नाही. तोवर माझं टाचण फार छान व्हायला लागलं होतं.

वर्षभरानं पदवीची प्रमाणपत्रं आली. कॉलेजच्या ऑफिसबाहेर रांग होती आणि त्या रांगेत माझ्या पुढे ती उभी होती. अंगात यार्डातलं चमकत्या पट्ट्यांचं जाकीट. अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आली होती, दुपारी परत जायचं होतं. मला पाहून ती मनापासून हसली, आणि त्यानं मला जास्तच अवघडल्यासारखं झालं.

मी विचारलं, काम कसं आहे. "आता वॉकीटॉकी दिलाय," ती म्हणाली. "गाडी नंबर बोलायचा, मंग 'ओव्हर' बोलायचं. तेवढं तरी बोलायला मिलतं." मग तिनं विचारलं, शाळेत आता आठवीला कोण आहे, मैदान वाढवलं का, दुसऱ्या बाकावरचा तो तोतरा मुलगा बोलतो का वर्गात. तो कुठला तोतरा मुलगा, ते मला आठवेना. मी म्हटलं, बोलतो.

रांग पुढे सरकली. मला राहवेना. मी म्हटलं, "एक सांगायचं होतं. वहीत मी ते जे लिहायचे ना, ते ऐकून लिहायचे नाही. मागे बसून माझं टाचण काढायचे."

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "तुजी मान खालीच असायची."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"मीच बोललेली ना, उच्चार लिव मनून." तिनं खांदे उडवले. खिडकीतल्या क्लार्कनं तिच्या पुढच्याचं नाव रजिस्टरात शोधायला घेतलं. ती माझ्याकडे वळली, आणि जरा लाजत, परीक्षेचा पेपर मिळाल्यावर शेजारच्याला विचारतो तसं विचारलं, "उच्चाराचं जाऊ दे. पन बारा पाठ तू व्हतीस मागं. त्यातला चांगला कंचा झालेला गं?"

मी आठवायला लागले. मागचा बाक आठवला. माझं टाचण आठवलं, त्यातल्या मुलांच्या काल्पनिक उत्तरांसकट. एकदा वर्ग खूप वेळ हसला होता, ते कशावर? एकदा सगळे चिडीचूप झाले होते. ती वाट बघत होती. काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "तो प्रकाशसंश्लेषणाचा. तो फारच छान झाला होता."

तिचा चेहरा बदलला नाही.

"तो तुजा व्हता," ती म्हणाली.

आणि मग, मी ओशाळू नये म्हणून असेल, ती मला माझा तो पाठ सांगायला लागली. मी जास्वंदीचं पान आणलं होतं. ते मी उजेडात धरलं तेव्हा शेवटच्या रांगेतली सगळी पोरं उठून उभी राहिली होती, आणि मी पहिल्यांदाच त्यांना खाली बसायला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी तिनं डावी चौकट भरली होती, म्हणाली, पूर्ण, दोन्ही ओळी.

ती चौकट मी कधी वाचलीच नव्हती. क्लार्कनं तिचं नाव पुकारलं, आणि ती खिडकीशी जाऊन सही करायला लागली.